सिझरच्या स्पायनलला कोणतं औषध घ्यावं: हेवी बुपिव्हाकेन, लेव्हो, रोपी की अजून काही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डीए (भूलशास्त्राची पदविका) होऊन वर्ष झालंय, उपजिल्हा रुग्णालयात काम करताय, शिवाय गावातल्या दोन मॅटर्निटी होमला कॉलवर जाता. आतापर्यंत सिझरच्या स्पायनलला, म्हणजे पाठीच्या कण्यात सुईने देतात त्या भुलीला, हेवी (साखर घालून जड केलेलं) बुपिव्हाकेनच वापरलंय. आता कंपनीचा माणूस हेवी रोपिव्हाकेनची सॅम्पल्स ठेवून गेलाय आणि 'हृदयाला सेफ, बीपी पडत नाही, पेशंट लवकर चालतो' असं सांगून गेलाय. एका ठिकाणी स्टोअरमध्ये लिग्नोकेन हेवीचे डबे पडलेत. आणि एक सर्जन म्हणतात की बीपी पडतं म्हणून दीड सीसीच्या वर जाऊ नका. तर नेमकं काय वापरायचं, आणि किती.

मी पंचवीस वर्षं हेच करतोय, त्यातली बरीचशी तालुक्याच्या ठिकाणी, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असाल तर इथेच थांबता येईल: हेवी बुपिव्हाकेन ०.५ टक्के, बरोबर थोडं फेंटानिल (ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक), डोस पुरेसा, आणि बीपीसाठी फेनिलएफ्रिन आधीच भरून तयार. बाकी औषधं वाईट नाहीत, एकदोन तर चांगलीच आहेत, पण माझ्या अनुभवात बाईला टेबलावर दुखलं तर त्याचं कारण औषधाचं नाव नसतं, कुणीतरी घाबरून डोस कापलेला असतो. त्यामुळे तुमच्या तीन प्रश्नांतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो दीड सीसीवाला.

आधी 'हृदयाला सेफ' हे काय प्रकरण आहे ते बघू, कारण ते खोटं नाहीये, फक्त चुकीच्या जागी वापरलं जातंय. बुपिव्हाकेन हे दोन आरशातल्या प्रतिमांसारख्या रेणूंचं मिश्रण आहे, त्यातला आर वाला रेणू हृदयाच्या सोडियम चॅनेलला जास्त घट्ट चिकटतो आणि सुटायला वेळ लावतो. १९७९ मध्ये जॉर्ज आल्ब्राइट यांनी एका संपादकीयात बुपिव्हाकेन आणि एटिडोकेन चुकून शिरेत गेल्यावर झालेल्या कार्डियाक अरेस्टकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं, आणि पुढे काही वर्षांत अमेरिकेत बाळंतपणाच्या एपिड्युरलसाठी (मणक्यातल्या आवरणाच्या बाहेर बारीक नळीतून देतात ती भूल) ०.७५ टक्के बुपिव्हाकेन वापरणं बंद झालं. त्यानंतर फक्त एस रेणू असलेली औषधं आली, आधी रोपिव्हाकेन आणि मग लेव्होबुपिव्हाकेन. पण हे सगळं एपिड्युरलचं आहे हे लक्षात ठेवा, तिथे वीस वीस सीसी औषध जातं आणि कॅथेटर शिरेत असला तर सगळं थेट रक्तात. स्पायनलमध्ये आपण देतो किती? दहा मिलिग्रॅम. साठ किलोच्या बाईला बुपिव्हाकेनची ढोबळ मर्यादा किलोला दोन मिलिग्रॅमप्रमाणे एकशेवीस मिलिग्रॅम येते, म्हणजे आपला डोस त्याच्या बाराव्या हिश्श्याएवढा, आणि तोही शिरेत नाही तर सीएसएफमध्ये, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात. इतक्या डोसला हृदयाची विषबाधा हा मुद्दाच उरत नाही. स्पायनलमध्ये बीपी पडतं, नाडी मंदावते, क्वचित अरेस्टही होतो, पण तो सिम्पथेटिक ब्लॉकमुळे (रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसा बंद पडल्याने) आणि वर चढलेल्या लेव्हलमुळे (भूल पोचते ती उंची), आणि ब्लॉक टी४ पर्यंत (छातीच्या चौथ्या नसेपर्यंत) गेला की तो कोणत्याही औषधाने गेला तरी सिम्पथेटिक बंद होणारच. म्हणून 'बीपी पडत नाही' हे वाक्य मी कधीच मान्य करत नाही, तेवढीच उंची गाठायची असेल तर बीपी पडणार, फार तर थोडं हळू पडेल.

हाच मुद्दा सिझर झाल्यावर उलटतो. टॅप ब्लॉक (पोटाच्या स्नायूंच्या थरात भूल) देताय, दोन्ही बाजूला मिळून चाळीस सीसी देताय, तिथे रोपिव्हाकेन किंवा लेव्हो घ्या, जरूर घ्या, आणि ओटीत २० टक्के लिपिड (या विषबाधेवरचा उतारा) कुठे ठेवलंय ते सिस्टरांना विचारून ठेवा. लेबर एपिड्युरललाही तसंच. जिथे सीसी जास्त, तिथे ही औषधं पैसे वसूल करतात.

आता एकेक औषध.

हेवी बुपिव्हाकेन. आपल्याकडची अँप्यूल चार सीसीची, एका सीसीत पाच मिलिग्रॅम आणि ऐंशी मिलिग्रॅम डेक्स्ट्रोज. साखर घालून औषध जड करायची कल्पना जुनी आहे, लंडनच्या आर्थर बार्कर यांनी १९०७ च्या सुमारास स्टोव्हेन या त्या काळच्या भुलीच्या औषधात ग्लुकोज मिसळून आणि काचेच्या नळीला मणक्यासारखा बाक देऊन ते कसं वाहतं हे दाखवलं होतं, आणि आजही आपण नेमकी तीच युक्ती वापरतो. बाईला आडवं केलं की औषध कमरेच्या उंचवट्यावरून छातीच्या मागच्या खोलगट भागात उतरतं आणि साधारण टी५ टी६ च्या आसपास साठतं, सिझरला हवी ती लेव्हल जवळपास आपोआप येते. म्हणून ते सिझरला इतकं चांगलं बसतं. पाचदहा मिनिटांत टी४ येते, दीड ते दोन तास ऑपरेशन निवांत होतं, पाय हलायला दोनतीन तास लागतात. फक्त इंजेक्शन झाल्यावर बाईला बसवून ठेवायचं नाही, टेप लावत बसलात, बीपीचा कफ शोधत बसलात की औषध खाली सेक्रमकडे बसतं आणि मग लेव्हल कंबरेच्या वर येतच नाही. असे 'फेल' स्पायनल मी खूप पाहिलेत, औषधाच्या बॅचला दोष देतात आणि खरं कारण एवढंच असतं.

प्लेन बुपिव्हाकेन, ज्याला आपण आयसोबॅरिक म्हणतो, ते शरीराच्या तापमानाला सीएसएफपेक्षा किंचित हलकंच असतं. म्हणजे बसवून दिलं तर ते वर तरंगतं, आणि कुठपर्यंत जाईल याचा भरवसा कमी. कुणाला टी१० ला अडकतं, कुणाला वीस मिनिटांनी हळूच टी२ ला पोचतं आणि तोपर्यंत सर्जन आत असतात. अभ्यासांतही हेवीने टी४ लवकर येते असं दिसलंय. हेवी हाताशी असताना मी सिझरला प्लेन घेत नाही. आणि एक सावधगिरी, वीस सीसीच्या व्हायलमधून काढून स्पायनल देऊ नका, त्यातल्या बऱ्याच व्हायलमध्ये मिथाइलपॅराबेनसारखं प्रिझर्व्हेटिव्ह असतं, लेबल वाचा.

लेव्होबुपिव्हाकेन. ताकद बुपिव्हाकेनच्या अगदी जवळ, डोसही जवळपास तेवढाच, मोटर ब्लॉक (पाय लुळे पडणं) किंचित कमी आणि किंचित लवकर सुटणारा. प्लेन लेव्हो घेतलं तर वर सांगितलेलं तरंगणं त्यालाही लागू. मी काही महिने वापरून पाहिलं, पेशंटला किंवा मला असा काही फरक जाणवला नाही की ज्यासाठी जास्त पैसे मोजावेत. कुणी वापरत असेल तर चूक नाही, पण गरीब बाईच्या बिलात ते घालायचं कारण मला सापडलं नाही.

रोपिव्हाकेनबद्दल जरा जास्त लिहितो कारण तुमच्या हातात ते आहे. याची ताकद बुपिव्हाकेनच्या साधारण साठ पासष्ट टक्के. म्हणजे दहा मिलिग्रॅम बुपीच्या जागी पंधरासोळा मिलिग्रॅम रोपी लागतं, आणि प्लेन रोपी घेतलं तर त्याहून बरंच जास्त, पंचवीस मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे मिळतं ते हेवी ०.७५ टक्क्याचं, सीसीला साडेसात मिलिग्रॅम, म्हणजे दोन सीसीत पंधरा. लोक हिशोब न करता 'कमी लागला, मोटर पण नाही आला' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांनी कमी दिलेलं असतं. चांगली गोष्ट अशी की पाय खरंच लवकर सुटतात, सेन्सरी (बधिरपणा) पण लवकर सुटतं. बाई लवकर उठून बसते, बाळाला नीट पाजते, कॅथेटर लवकर काढता येतो, ज्या वॉर्डात दोन सिस्टर आणि तीस खाटा आहेत तिथे हे छोटं काम नाही. पण ऑपरेशन चालू असताना लवकर सुटलं तर? दुसरं तिसरं सिझर, आत सगळं चिकटलेलं, ब्लॅडर वर ओढलेलं, नवीन रेसिडेंट शिकतोय, अशा केसला मी रोपी घेत नाही. पहिलं सिझर, हात चालणारे सर्जन, अर्ध्यापाऊण तासात आटपणारं काम, तिथे हेवी रोपी फेंटानिलसोबत छान आहे. आणि बीपीची तयारी तेवढीच ठेवायची, ते कंपनीच्या माणसाने काहीही सांगो.

लिग्नोकेन हेवी ५ टक्के. हे स्टोअरमधून काढून टाका, म्हणजे स्पायनलच्या वापरातून तरी. १९९१ मध्ये बारीक कॅथेटरमधून पुन्हा पुन्हा लिग्नोकेन दिलेल्या पेशंटमध्ये कॉडा इक्वायना सिंड्रोमच्या केसेस आल्या, एकाच जागी जाड औषध साचून मज्जारज्जूच्या टोकाकडच्या नसांच्या मुळांना इजा झाली होती, आणि १९९३ पासून एकाच इंजेक्शननंतरही ढुंगण आणि मांड्यांत दोनतीन दिवस ठणका राहतो हे लक्षात यायला लागलं. तो बरा होतो, पण ज्या बाईला दर दोन तासांनी उठून बाळ घ्यायचंय तिला तो का द्यायचा? शिवाय तासाभरात संपतं. आपल्याकडे जुन्या लोकांनी लाखो सिझर यावर केलीत हे खरंय, त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. आपल्याकडे आहे.

क्लोरोप्रोकेनची कथा थोडी दुःखाची आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते एपिड्युरलमधून चुकून खूप मोठ्या प्रमाणात सीएसएफमध्ये गेलेल्या काही पेशंटना कायमची इजा झाली, बोट ठेवलं गेलं ते त्यातल्या टिकण्यासाठी घातलेल्या बायसल्फाइटवर आणि आम्लपणावर. आता प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं १ टक्क्याचं स्पायनलसाठी येतं, अमेरिकेत २०१७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण ते चाळीस मिनिटांपर्यंतच्या कामांसाठी आहे, पाइल्स, पेरिनियम, डे केअर. सिझरला सिंगल शॉट म्हणून मी देणार नाही, गर्भाशय शिवत असताना ब्लॉक उतरायला लागला तर काय करणार. सोबत एपिड्युरल कॅथेटर असेल तर गोष्ट वेगळी.

आता दीड सीसी. यासाठीच एवढं लिहायला बसलो.

मी नवीन होतो, साधारण तुमच्याच वयाचा. एका खाजगी दवाखान्यात रात्री सिझर, बाई लहान चणीची, बीपी आधीच शंभरच्या घरात, आणि मला तेव्हा फेनिलएफ्रिन माहीत नव्हतं, हाताशी बीपी वाढवणाऱ्या मेफेंटरमिनची एक अँप्यूल. भीतीने मी एक पॉइंट चार सीसी दिलं, साधं, फेंटानिल नाही. लेव्हल पिनने टी६ वाटली, सर्जन म्हणाले चालेल, मी हो म्हटलं. बाळ निघेपर्यंत ठीक होतं. गर्भाशय बाहेर काढून शिवायला घेतलं आणि ती कण्हायला लागली, मग रडायला लागली, 'दुखतंय हो, खरंच दुखतंय'. आम्ही सगळे तिला म्हणत होतो ताई ओढल्यासारखं वाटतंय, पाच मिनिटं थांबा, झालंच. ती पाच मिनिटं वीस मिनिटं झाली. शेवटी केटामिन दिलं. दुसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर ती माझ्याकडे बघेना, तिच्या सासूने विचारलं की पुढच्या वेळी पूर्ण भूल मिळेल ना. मी बीपी सांभाळलं होतं, बाळ छान होतं, पण त्या बाईची चूक काहीच नव्हती आणि तिला जे सहन करावं लागलं ते मी भीतीने कापलेल्या चार दशांश सीसीमुळे. ती केस मी विसरलो नाही आणि विसरायची पण नाही.

म्हणून आकडे बघा. २००४ साली स्टॅनफर्डच्या मंडळींनी हेवी बुपिव्हाकेनचा सिझरसाठीचा डोस मोजला, सोबत दहा मायक्रोग्रॅम फेंटानिल आणि दोनशे मायक्रोग्रॅम मॉर्फिन असताना. अर्ध्या बायकांना पुरेल असा डोस आला ७.६ मिलिग्रॅम, आणि शंभरातल्या पंच्याण्णव जणींना पुरेल असा ११.२. दीड सीसी म्हणजे साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे त्या हिशोबाने दीड सीसी हा नाणेफेकीचा डोस झाला, आणि ते सुद्धा ओपिऑइड बरोबर असताना. आपल्या बायका उंचीने कमी, बऱ्याचशा १४५ ते १५० सेंटिमीटर, त्यामुळे मी अकरापर्यंत सगळ्यांना जात नाही, पण साध्या उंचीच्या बाईला दोन सीसी म्हणजे दहा मिलिग्रॅम अधिक पंधरा मायक्रोग्रॅम फेंटानिल, म्हणजे पॉइंट तीन सीसी, हे माझं नेहमीचं आहे. १४५ च्या खाली असेल तर एक पॉइंट आठ. उंच बाईला दोन पॉइंट दोन. यापेक्षा कमी करायचं असेल तर हातात एपिड्युरल कॅथेटर हवा, की लेव्हल कमी पडली तर वरून देता येईल. मायट्रल स्टेनोसिसच्या, हृदयाच्या बाईला तसंच करतात, अगदी थोडं स्पायनल आणि मग हळूहळू एपिड्युरल, पण ती केस जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या ठिकाणीच व्हायला हवी.

गरोदरपणात मुळात डोस कमीच लागतो हे तुम्हाला माहीत आहेच, एपिड्युरल शिरा फुगून सीएसएफची जागा कमी होते आणि नसा पण जास्त संवेदनशील होतात, त्यामुळे साध्या हर्नियाला जे तीन सीसी देतो ते इथे दोनवर येतं. म्हणजे कपात आधीच झालेली आहे. त्याच्या वर अजून भीतीची कपात करू नका.

इथेच एक घोटाळा सांगून ठेवतो. अमेरिकन पुस्तकात वाचाल 'एक पॉइंट सहा मिलिलीटर हेवी बुपिव्हाकेन', आणि तेवढंच भराल. त्यांचं हेवी ०.७५ टक्क्याचं आहे, दोन सीसीची अँप्यूल, त्यामुळे त्यांचे एक पॉइंट सहा म्हणजे बारा मिलिग्रॅम. आपले एक पॉइंट सहा म्हणजे आठच. सीसी पाठ करू नका, मिलिग्रॅम पाठ करा, आणि आता तर तुमच्या ट्रॉलीत ०.५ चं बुपी आणि ०.७५ चं रोपी शेजारी शेजारी असणार आहे, तेव्हा हे जास्तच लागू.

फेंटानिल का? कारण पोट कापताना नाही, आत ओढाताण करताना दुखतं, ते आतड्यातलं, पेरिटोनियमचं दुखणं नुसत्या लोकलने पूर्ण जात नाही. पंधरा मायक्रोग्रॅमने ते खूप कमी होतं, मळमळ पण कमी, फार तर थोडी खाज सुटते. लहान गावात फेंटानिल मिळवणं त्रासाचं आहे हे मला माहीत आहे. २०१४ मध्ये एनडीपीएस (अंमली पदार्थांच्या) कायद्यात बदल झाल्यावर फेंटानिल आणि मॉर्फिन आवश्यक अंमली औषधांच्या यादीत आली आणि नियम थोडे सोपे झाले, दवाखान्याने मान्यता घेतली की साठा ठेवता येतो, रजिस्टर नीट ठेवायचं. ज्या मॅटर्निटी होमला नियमित जाता त्यांना ही मान्यता काढायला लावा, पाठपुरावा करून लावा. मिळतच नसेल तर आपल्याकडे बरेच जण ब्युप्रेनॉर्फिन साठ मायक्रोग्रॅम घालतात, दुखणं बराच वेळ थांबतं, पण उलट्या जास्त. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं मॉर्फिन मिळत असेल तर शंभर मायक्रोग्रॅम हे ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर सगळ्यात उत्तम, पण रात्रभर श्वासावर लक्ष ठेवणारी सिस्टर वॉर्डात हवी, आणि साध्या मॉर्फिनची अँप्यूल पातळ करून स्पायनलला वापरायचा विचारही करू नका, दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट जातं.

बीपीचं उत्तर डोसमध्ये नाही, ड्रिपमध्ये आहे. फेनिलएफ्रिनची आपली अँप्यूल एका सीसीत दहा मिलिग्रॅम असते, ती सरळ दिली तर जीव घेईल, म्हणून शंभर सीसी सलाइनमध्ये टाका, एका सीसीत शंभर मायक्रोग्रॅम, बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा. सिरिंज पंप असेल तर स्पायनल दिल्याबरोबर तासाला पंधरा ते तीस सीसीने चालू, म्हणजे मिनिटाला पंचवीस ते पन्नास मायक्रोग्रॅम. बीपी पडायची वाट बघायची नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय एकमताच्या मार्गदर्शनातही हेच आहे, सिस्टोलिक मूळ आकड्याच्या नव्वद टक्क्यांवर ठेवायचं, ऐंशी टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. पंप नसेल तर अर्धा ते एक सीसीचे बोलस, दर मिनिटाला बीपी. नाडी साठच्या खाली आणि बीपीही कमी असेल तर फेनिलएफ्रिन थांबवून मेफेंटरमिन किंवा एफेड्रिन, गरज पडली तर अॅट्रोपिन. उजव्या कुल्ल्याखाली उशी, सोबत जलद सलाइन. मळमळ सुरू झाली म्हणजे बीपी पडलंय असं समजून आधी हात चालवा, मॉनिटर नंतर बघा. त्या सर्जनना हे एकदोन केसमध्ये दाखवा, वाद घालू नका, दोन सीसी देऊन बीपी एकशेदहावर राहिलेलं त्यांनी पाहिलं की दीड सीसी ते स्वतःच विसरतात. बाळाचं पण यातच आहे, स्पायनलमधलं औषध बाळापर्यंत जातं ते नगण्य, बाळाला त्रास होतो तो आईचं बीपी बराच वेळ खाली राहिल्याने.

लेव्हल तपासणं. पिनने टोचून 'दुखतंय का' विचारून हो म्हणणं हे मी सोडलं. स्पिरिटच्या बोळ्याचा थंडपणा टी४ पर्यंत म्हणजे स्तनाग्रापर्यंत जाणवायला नको, आणि नुसता स्पर्श टी५ पर्यंत, दोन्ही बाजूंनी, आणि पाय उचलता यायला नको. पंधरावीस मिनिटांत काहीच आलं नाही तर पुन्हा देता येतं, अर्धवट आलं असेल तर पूर्ण डोस पुन्हा देऊ नका, आधीच्यावर चढून हाय स्पायनल होईल, भूल फार वर जाईल. आणि एवढं करूनही ती म्हणाली दुखतंय तर तिचं खरं माना. सर्जनना हात थांबवायला सांगा, फेंटानिल, थोडं केटामिन, आणि तरीही दुखत असेल तर जीए (पूर्ण भूल) देऊ का असं तिलाच विचारा. ब्रिटनमधल्या प्रसूती भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचनांतही हेच आहे, तिचा शब्द हाच निकष.

एक शेवटची गोष्ट औषधांच्या तुलनेत कुणी लिहीत नाही, पण सिझरच्या टेबलवर सगळ्यात भयंकर चूक तीच आहे. ट्रॅनेक्सा. रक्तस्राव थांबवायला आता ती प्रत्येक ओटीत असते, पाच सीसीची पारदर्शक काचेची अँप्यूल, आणि हेवी बुपी चार सीसीची पारदर्शक काचेची अँप्यूल, एकाच ट्रेमध्ये. ती स्पायनलमध्ये गेली तर ढुंगणात पायात असह्य वेदना, झटके, हृदयाची लय बिघडणं, आणि नोंद झालेल्या केसेसमध्ये साधारण अर्धे पेशंट दगावलेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यावर वेगळा इशारा काढला. माझ्या हातात एकदा ती अँप्यूल आली होती, फोडलेली, सिस्टरने प्रेमाने पुढे केलेली, मी लेबल वाचलं म्हणून वाचलो. तेव्हापासून नियम असा, स्पायनलची अँप्यूल मी स्वतः उचलतो, स्वतः फोडतो, मोठ्याने नाव आणि टक्के वाचतो आणि सिस्टर पण वाचतात. ट्रॅनेक्सा स्पायनलच्या ट्रॉलीत नाही, भूलयंत्राच्या पलीकडे वेगळ्या डब्यात. तुमच्या तीनही ठिकाणी हे उद्याच करा, रोपी सुरू करायच्या आधी.

आणि रोपीची ती सॅम्पल्स वाया घालवू नका. आधी पाचसहा पहिली सिझर निवडा, दिवसाची, ठरलेली, दोन सीसी हेवी रोपी अधिक पंधरा मायक्रोग्रॅम फेंटानिल, आणि वहीत लिहा: टी४ किती मिनिटांत आली, बीपीला किती बोलस लागले, टाके घालताना काही जाणवलं का, पाय कधी उचलला, उठून कधी बसली. शेजारच्या पानावर बुपीच्या तशाच पाचसहा केसेस. दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन त्या बाईला स्वतः विचारा की आत काम चालू असताना दुखलं का. ती जे सांगेल ते पण त्याच वहीत.